पीमॉस्ट ते स्विफ्टचॅट : सिहोऱ्यातून दिसलेली चाळीस वर्षे

सिहोरा परिसर म्हणजे तुमसर तालुक्याचा मध्य प्रदेशाला भिडलेला धानाचा पट्टा. इथल्या जिल्हा परिषद शिक्षकाला नवे काही शिकवायचे ठरले, की ते पुण्याहून निघते. राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याच्या, आणि तालुक्याचे तुमसरच्या एखाद्या सभागृहात शंभरेक शिक्षकांना. चांदपूरच्या तलावाचे पाणी कालव्याने सुटले, की टेलच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत किती पोहोचते, हे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रशिक्षणाचेही तेच. पुण्यात दहा दिवस चाललेला विषय तुमसरला दोन दिवसांत आटोपतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर हजेरीपट व भत्त्याचे कागद हातोहात फिरू लागतात.

या पद्धतीची सुरुवात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर झाली. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डाएट उभ्या राहिल्या, खडू-फळा मोहीम आली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘पीमॉस्ट’ नावाचे शिक्षकांचे शिबिर भरू लागले. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमता आल्या आणि त्यांच्यासोबत ‘स्मार्ट पीटी’ हे प्रशिक्षण. जुन्या गुरुजींना ही नावे अजून पाठ आहेत. त्यांत काय शिकवले ते मात्र फारसे कुणाला सांगता येत नाही. तंत्रज्ञान त्या काळी टीव्हीच्या रूपाने आले होते. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली, इनसॅटच्या जोरावर मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी कार्यक्रम तयार होऊ लागले. कार्यक्रम चांगले असत. पण प्रक्षेपणाची वेळ आणि विजेची वेळ जुळणे हा योगायोगच, म्हणून कितीतरी शाळांचा संच मुख्याध्यापकांच्या कपाटातच सुरक्षित राहिला. २०१७ मध्ये ‘बालचित्रवाणी’ बंद झाली, तेव्हा खेडोपाड्यातल्या वर्गांत तिची उणीव फारशी भासली नाही.

माझ्या मते या चार दशकांतली सर्वांत कामाची गोष्ट टीव्हीही नव्हे आणि संगणकही नव्हे. ती आहे १९९४ साली आलेली केंद्रशाळेची योजना. आसपासच्या दहाबारा शाळांचे एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख आणि महिन्यातून एक बैठक. तिला आधी गटसंमेलन म्हणत, आता शिक्षण परिषद म्हणतात. बैठकीत कुणी तरी आदर्श पाठ घेतो. दशक-एकक शिकवायचे असेल, तर बाई टेबलावर काड्या मांडतात, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधतात, आणि तेवीसमधून आठ वजा करताना एक गठ्ठा सोडून दाखवतात. मागच्या बाकावरचे गुरुजी विचारतात, ‘बाई, माझी पोरं हातचा घेतल्यावर गठ्ठ्यांतला एक कमीच करत नाहीत, त्याचं काय?’ मग पाऊण तास त्यावरच जातो. हा पाऊण तास कोणत्याही घटकसंचात छापलेला नसतो. शिवाय इथे बोलणारी माणसे सारख्याच अडचणीतली असतात : एकाच खोलीत दोन वर्ग, रोवणीच्या दिवसांत निम्मा पट रिकामा आणि घरी पोवारी किंवा झाडीबोली बोलणारी मुले.

या शेवटच्या अडचणीबद्दल वरून येणारे साहित्य बहुधा गप्पच असते. पडद्यावरचे मराठी पुण्याचे. पहिलीतल्या मुलाला चित्र पाहून ते कळते, शब्द ऐकून कळतेच असे नाही. मध्ये उभे राहून घरच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेपर्यंत नेणारा शिक्षकच लागतो, आणि हे कसब त्याला दुसऱ्या शिक्षकाकडूनच मिळते.

संगणकाचा अध्याय लवकर संपवण्यासारखा आहे. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा पास करा, नाहीतर वेतनवाढ रोखू, अशी २००७ अखेरची मुदत होती. ती हुकल्याने पुढे वसुली झालेल्या शिक्षकांची गाऱ्हाणी संघटनांच्या निवेदनांत वर्षानुवर्षे चालली. परीक्षेत वर्ड आणि एक्सेल होते, वर्ग नव्हता. माध्यमिक शाळांत आयसीटी योजनेखाली प्रयोगशाळा आल्या. त्यांचे कंत्राट पाच वर्षांचे. कंत्राट संपले की निदेशक गेला आणि खोलीला कुलूप लागले.

खरा बदल २०१५ च्या आसपास आला आणि नवल म्हणजे तो खालून आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक पदरमोड करून जात होते. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची आदिवासी वस्तीवरची शाळा डिजिटल झाल्याची बातमी पसरली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयाने याच ओढीला सरकारी शिक्का दिला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हापासून रुळला. गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, भिंती रंगल्या, फरशीवर अक्षरे उमटली. पुढे वीजबिल थकले आणि कितीतरी शाळांची जोडणी तुटली. प्रोजेक्टरसाठी वर्गणी देणारा गावकरी महिन्याचे बिल भरायला पुढे येत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही.

मग मोबाइल. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ ॲप आले, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची ही वाट. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या प्रत्येकाला आपलीच पाठ थोपटल्यासारखे वाटले. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. व्हॉट्सॲपवर ‘अभ्यासमाला’ येऊ लागली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, आणि नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’. मजुरीला जाणाऱ्या घरात स्मार्टफोन असलाच तर तो बापाबरोबर बांधावर असायचा. त्यामुळे सगळ्यांत जुने यंत्र, रेडिओ, काही घरांत सगळ्यांत उपयोगी ठरले. ज्यांनी तोंडाला रुमाल बांधून मोहल्ल्यात, झाडाखाली पाच-सहा मुले बसवली, त्यांची मुले सर्वांत कमी मागे पडली, असे मी जितक्या शिक्षकांशी बोललो त्यांचे म्हणणे आहे.

शिक्षकांचे स्वतःचे प्रशिक्षणही तेव्हाच मोबाइलवर गेले. ‘निष्ठा’ या ऑनलाइन प्रशिक्षणाचे घटक एकामागून एक सुटले. व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडता येते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते, हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. तास मोजणे सोपे, म्हणून तासच मोजले जातात. उलट इंग्रजी शिक्षकांसाठी २०१६ मध्ये आलेल्या ‘तेजस’ प्रकल्पाने लहान गट, समोरासमोर बैठक आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर बोलणे अशी जोड घातली होती. फोनचा उपयोग तिथे बोलणे चालू ठेवण्यासाठी होता, म्हणून ती जोड मला आजही योग्य वाटते.

आज तोच फोन दफ्तर झाला आहे. यू-डायसची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, संकलित चाचणीचे गुण चॅटबॉटवर, स्विफ्टचॅट ॲपवर हजेरी, आणि दुपारी ‘तातडीचे’ म्हणून आलेली एखादी लिंक. दोनशिक्षकी शाळेत एक जण माहिती भरतो, तेव्हा चारही वर्ग दुसऱ्याकडे असतात. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची हाक याच वैतागातून उठली. आणि माहितीचा हा ओघ शिरला आहे तो नेमका शिक्षण परिषदेत : दोन तासांतला दीड तास आता कुणाची कोणती नोंद बाकी आहे यात जातो, काड्यांचे गठ्ठे टेबलाखालीच राहतात.

म्हणून तुमसरच्या पंचायत समितीपासून पुण्यातल्या राज्याच्या प्रशिक्षण परिषदेपर्यंत सगळ्यांना एवढीच विनंती. नवा पडदा पाठवायचा तर पाठवा, त्याच्या वीजबिलाची तरतूदही सोबत पाठवा. पण महिन्यातला तो एक दिवस शिक्षकांचा राहू द्या. त्या दिवशी तक्ता मागू नका आणि लिंकही पाठवू नका.