मनोरुग्ण, गुन्हा आणि शासनाचे विस्मरण

एखाद्या अमानुष हत्येची बातमी येते आणि ‘हल्लेखोर मनोरुग्ण होता’ या एका वाक्यावर समाज समाधान मानतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र आजारात हिंसेची शक्यता सर्वसाधारण लोकांपेक्षा काहीशी अधिक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती प्रामुख्याने व्यसनाची जोड असलेल्या आणि उपचार न मिळालेल्या रुग्णांत वाढते. बहुसंख्य रुग्ण कोणावरही हात उगारत नाहीत; उलट तेच अत्याचाराचे बळी ठरतात. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत २८ रुग्णांचा होरपळून अंत झाला. त्यांतील बहुतेकांना साखळदंडांनी जखडलेले होते.

कायद्याने आजार आणि अपराध यांतील भेद १८६० पासूनच मानला आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये कायम आहे. आपण काय करीत आहोत, किंवा ते गैर वा बेकायदा आहे, हे मनोविकलतेमुळे ज्याला कळू शकत नाही, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. मात्र नुसते वैद्यकीय निदान पुरेसे नसते. कृत्याच्या वेळची मनःस्थिती आरोपीलाच सिद्ध करावी लागते.

परंतु अनेकदा खटला तिथवर पोहोचतच नाही. आसामातील एका आदिवासी तरुणाला १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपावरून अटक झाली आणि पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तो बरा झाल्याचे डॉक्टरांनी १९६७ मध्ये कळवले. तरीही खटला चालला नाही आणि सुटकाही झाली नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर पडला. चौपन्न वर्षांत त्याच्यावरील आरोप ना सिद्ध झाला, ना फेटाळला गेला. येथे क्रौर्य कोणा एकाचे नव्हते. प्रत्येक कार्यालयाने आपली नस्ती दुसऱ्याच्या भरवशावर सोडली होती.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना अनिवार्य केली आहे. मात्र कारागृह हा शेवटचा टप्पा होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. जिल्हा रुग्णालयात औषध अखंड मिळणे, व्यसनमुक्तीची सोय त्याच छताखाली असणे आणि मनोविकल कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा न्यायालयाने ठरावीक मुदतीत आढावा घेणे, या तीन गोष्टी शासनाच्या आवाक्यातल्या आहेत. समाजाची सुरक्षितता आणि रुग्णाचा हक्क यांत निवड करण्याचा प्रसंग, वेळेवर उपचार झाले तर, क्वचितच येतो.