महिला फुटबॉल: उशीर कुणामुळे झाला?

महिला फुटबॉलबद्दलचे गैरसमज नाक मुरडणाऱ्यांचेच असतात असं नाही. या खेळाचं भलं चिंतणारी माणसंही हमखास म्हणतात, "अजून नवा आहे हो खेळ, थोडा वेळ द्यायला हवा." सूर मायेचा आहे, पण माहिती चुकीची आहे.

इंग्लंडमध्ये प्रेस्टनला डिक, कर अँड कंपनीचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि तिथे दारूगोळा तयार करायला बायका आल्या. मधल्या सुट्टीत त्या आवारात फुटबॉल खेळू लागल्या आणि बघता बघता त्यांचा संघ उभा राहिला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाची गाठ सेंट हेलेन्सच्या संघाशी पडली. आत ५३ हजार प्रेक्षक होते, आणि जागा न मिळाल्याने हजारो लोक बाहेरच राहिले. जमलेला पैसा युद्धातून परतलेल्या गरजू सैनिकांसाठी होता. संघातली लिली पार तेव्हा अवघी १५ वर्षांची होती.

त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मुळीच शोभणारा नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. धर्मादाय निधीतला जास्तच पैसा खर्चापोटी जातो, अशी पुस्तीही जोडली. हा मुद्दा मला पटत नाही. हिशेबात गडबड असेल तर वह्या तपासतात, मैदान काढून घेत नाहीत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली.

असं फक्त इंग्लंडमध्येच घडलं असं नाही. पश्चिम जर्मनीच्या पुरुषांनी १९५४ मध्ये विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या महासंघाने आपल्या क्लबांना महिला फुटबॉलची दारं बंद करायला लावली. ती उघडली १९७० मध्ये. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांना त्यांच्या 'प्रकृतीला न मानवणारे' खेळ वर्ज्य केले, आणि ही बंदी १९७९ पर्यंत चालली. या काळात ब्राझीलच्या पुरुषांनी तीन विश्वचषक जिंकले. पेलेचं नाव घराघरांत पोहोचलं, त्याच देशात मुलीने चेंडूला लाथ मारणं कायद्याला मंजूर नव्हतं. त्यामुळे पुरुषांचा आणि स्त्रियांचा खेळ शेजारी शेजारी ठेवून 'दर्जा' मोजणाऱ्यांनी आधी ही वर्षं वजा करावीत.

दुसरा गैरसमज प्रेक्षकांचा: बायकांचा सामना बघायला येतं कोण? १९७१ मध्ये मेक्सिकोत महिलांची एक जागतिक स्पर्धा झाली. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाची तिला मान्यता नव्हती. तरी ॲझटेका मैदानावरच्या अंतिम सामन्याला लाखभर लोक लोटले. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० असं हरवलं आणि तिन्ही गोल १५ वर्षांच्या सुसान ऑगस्टेसनने केले. त्या सामन्याआधी यजमान खेळाडूंनी मानधन मागितलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच टीका केली. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या रोझ बोलवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९० हजारांवर प्रेक्षक होते. एप्रिल २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या काम्प नोवर बार्सिलोना-वोल्फ्सबुर्ग लढतीला ९१,६४८ लोक आले. रोजच्या लीग सामन्यांत बाकं रिकामी दिसतात हेही खरं, पण त्यात सामना कुठे, कोणत्या वेळी आणि किती जाहिरात करून ठेवला, याचा वाटा मोठा असतो.

नियम सौम्य असतात, चेंडू लहान असतो, वेळ कमी असतो, असंही काहींना वाटतं. आज यातलं काहीच खरं नाही. मैदान, गोलचौकट, चेंडू आणि ९० मिनिटं सगळं सारखंच. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या फिफाच्या पहिल्या महिला स्पर्धेत मात्र सामने ८० मिनिटांचे होते. शिवाय तिच्या अधिकृत नावात 'विश्वचषक' हा शब्द नव्हता; एका चॉकलेट-गोळ्यांच्या ब्रँडचं नाव मात्र होतं.

पैशांबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक, अमेरिकेच्या महिलांनी कोर्टात समान वेतन मिळवलं. तसं घडलं नाही. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या महासंघावर दावा लावला. मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी वेतनाचा मुद्दाच फेटाळला. २०२२ मध्ये महासंघाने २ कोटी ४० लाख डॉलर्सवर तडजोड केली, आणि त्यानंतरच्या करारात पुरुष आणि महिला दोन्ही संघांच्या विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम एकत्र करून वाटायचं ठरलं. पुरुष खेळाडूंनीही त्याला मान्यता दिली, हे सहसा कुणी सांगत नाही.

दुसरा समज असा की बायका कमावतच नाहीत, मग मागतात कशाच्या जोरावर? कमाई मोजायला आधी वस्तू वेगळी विकावी लागते. महिला विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क वर्षानुवर्षं पुरुषांच्या हक्कांबरोबर एकगठ्ठा जायचे. ते स्वतंत्रपणे विकायला सुरुवात झाली ती २०२३ च्या स्पर्धेपासून. त्या स्पर्धेची बक्षिसं ११ कोटी डॉलर्सची होती, पुरुषांच्या २०२२ च्या स्पर्धेची ४४ कोटींची. दरी मोठीच आहे, पण २०१९ मध्ये महिलांचा आकडा ३ कोटी होता. १९८९ मध्ये युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या जर्मन महिलांना महासंघाने दिलेलं बक्षीस तर कॉफीच्या कपबश्यांचा सेट होतं. रोख काहीच नाही.

दुखापतींच्या बाबतीत 'बायकांची शरीरंच नाजूक' हे उत्तर फार लवकर दिलं जातं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण स्त्री खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट तरी जास्त आढळतं, हे खरं. २०२२-२३ च्या एकाच हंगामात एकट्या आर्सेनल या इंग्लिश क्लबच्या चौघींचा एसीएल तुटला. त्यातल्या बेथ मीड आणि लीया विल्यमसन विश्वचषकाला मुकल्या. शरीररचनेचा वाटा आहेच. पण बूट पुरुषांच्या पायाच्या मापावरून घडवलेले, लहानपणापासून ताकदीचा व्यायाम कमी, फिजिओ तुटपुंजे, हेही अभ्यासकांच्या यादीत आहे. आणि मैदानाचं काय? कॅनडातला २०१५ चा महिला विश्वचषक कृत्रिम गवतावर खेळवला गेला. खेळाडूंनी कायदेशीर तक्रार केली तरी निर्णय बदलला नाही. पुरुषांच्या विश्वचषकावर ती वेळ कधी आलेली नाही.

राहता राहिला आपल्याकडचा समज: भारतात महिला फुटबॉलची परंपराच नाही. पण १९७५ मध्येच देशात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना होती. पुढे कोळिकोडला झालेल्या महिला आशिया चषक स्पर्धेत भारताने दोन संघ उतरवले आणि त्यातला एक उपविजेता ठरला. १९८३ मध्ये भारत पुन्हा उपविजेता होता. त्याच वर्षी शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच. पुढे हा कारभार देशाच्या मुख्य फुटबॉल महासंघात विलीन झाला आणि खेळ वाढण्याऐवजी आक्रसला. २००३ नंतर आशिया चषकात भारत दिसला तो थेट २०२२ मध्ये, यजमान म्हणून. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होते. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली, मग संघात कोरोना पसरला, पुढच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावरचा अंतिम सामना चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाकडून ३-२ असा खेचून घेतला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. भारतीय महासंघाच्या कारभाराच्या वादात फिफाने भारताला निलंबित केलं. त्या वेळी गोकुळम केरळ या क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता. भांडण पदाधिकाऱ्यांचं, आणि न खेळता परतावं लागलं या मुलींना. निलंबन ऑगस्ट संपण्याआधीच उठलं, पण तोवर त्यांची स्पर्धा हुकली होती.

भारतीय महिला लीग २०१६-१७ पासून आहे. पण घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून सामने होऊ लागले ते २०२३-२४ पासून. त्या हंगामात सात संघ होते, म्हणजे एका संघाच्या वाट्याला बारा सामने. इंग्लंडच्या महिला लीगमध्ये तेव्हा बावीस. एवढ्याशा सरावावर जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुली चियांग माईला उतरल्या. समोर यजमान थायलंड, दोन विश्वचषक खेळलेला संघ. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत २-१ असा जिंकला आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी पार करून आशिया चषकात दाखल झाला.