घरगुती रंगीत छपाई : पडद्यावरील रंग व कागदावरील रंग

प्रस्तावना : डिजिटल छायाचित्र हे अध्यापन व संशोधनाचे एक साधन आहे. वनस्पतीचा नमुना किंवा हस्तलिखिताचे पान घरच्या प्रिंटरवर छापताना रंग बदलले, तर त्या छायाचित्राचे पुरावामूल्य घटते.

कारणमीमांसा : संगणकाचा पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या बेरजेतून रंग निर्माण करतो. शाई मात्र कागदावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. त्यामुळे पडद्यावरील काही तेजस्वी रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. पडदा अतिप्रखर ठेवल्यास छायाचित्र उजळ भासते व प्रत काळपट येते.

उपाययोजना :
१) पडद्याची प्रखरता कमी करूनच रंगदुरुस्ती करावी.
२) छायाचित्र १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या 'एसआरजीबी' रंगव्यवस्थेत जतन करावे.
३) प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा नेमका प्रकार निवडावा, शाईचे प्रमाण त्यावर अवलंबून असते.
४) रंगनियंत्रण सॉफ्टवेअर अथवा प्रिंटर यांपैकी एकाकडेच सोपवावे, अन्यथा दुहेरी दुरुस्ती होऊन रंग बिघडतात.
५) इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ६×४ इंची प्रतीस १८००×१२०० पिक्सेल लागतात.
६) शाई पूर्ण वाळल्यावरच प्रत दिवसाच्या उजेडात तपासावी.

निष्कर्ष : पडदा व कागद यांतील भेद पूर्णतः नाहीसा होत नाही, तो मर्यादित करता येतो. म्हणून अभ्यासविषयाचे छायाचित्र घेतानाच शेजारी प्रमाणित रंगपट्टी ठेवावी. छापील प्रतीतील पट्टी मूळ पट्टीशी ताडून पाहिल्यास रंग कितपत विश्वसनीय आहेत, हे वाचकालाही पडताळता येते.