पडद्याआडून आलेले गाणे

गिरगावात वाढलेल्या माणसाच्या तोंडी ‘ऑपेरा हाऊस’ हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी यायचा. ‘ऑपेरा हाऊसला उतर’, ‘ऑपेरा हाऊसच्या नाक्यावर थांब’, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. पण ऑपेरा म्हणजे काय, हे आमच्या चाळीत कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. १९११ साली बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते त्या वास्तूचे उद्घाटन झाले. पुढे तिथे बालगंधर्व गाऊन गेले, पृथ्वीराज कपूरांची नाटके झाली. आमच्या लहानपणी मात्र तिथे सिनेमे लागत. त्यामुळे ऑपेरा हा सिनेमाचाच काही प्रकार असावा अशी माझी बालबुद्धी समजून चालली होती, आणि ती समजूत दूर करण्याची कोणाला निकडही नव्हती.

अपवाद एका मामांचा. मामा कचेरीत कारकून होते, पण रविवारी सकाळी ते राजे असत. चोरबाजारातून आणलेला भोंग्याचा ग्रामोफोन ते स्वतःच्या हाताने पुसत आणि बालगंधर्वांच्या तबकड्या संपल्या, की शेवटी एक परदेशी तबकडी लावत. ती कारुसोची होती. तिच्यावरचे गाणे जेमतेम दोन-अडीच मिनिटांचे. पण काय त्याची चाल! झोपाळ्यावर बसून पायाने रेटा द्यावा तशी. आम्ही पोरांनी तिला आमचे स्वतःचे शब्द लावले होते. ते इथे छापण्याजोगे नाहीत.

“मामा, हे कशाचं गाणं आहे हो?” मी एकदा विचारले.

“आनंदाचं! ऐकू येत नाही का रे तुला, गाढवा?”

मामा हीच समजूत बाळगून वारले. मीही साठी उलटेपर्यंत ती बाळगून होतो. मग मुलीकडे व्हिएन्नाला गेलो, आणि तिने एका संध्याकाळी मला तिथल्या सरकारी ऑपेरात नेऊन बसवले. उभ्याने पाहण्याची स्वस्त जागा तिथे असते. लोक कठड्याला रुमाल बांधून आपापली जागा राखतात, आपल्याकडे एस.टी.च्या खिडकीतून टोपी टाकतात तसेच. माझ्या गुडघ्यांचा विचार करून मुलीने खुर्च्या घेतल्या होत्या. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक लहानसा पडदा होता आणि त्यावर इंग्रजीत अर्थ उमटत होता. खेळ होता ज्युसेप्पे व्हर्दीचा ‘रिगोलेत्तो’.

खरे सांगतो, मी थोडा धास्तावूनच बसलो होतो. ऑपेरा म्हणजे लठ्ठ माणसांनी एकमेकांवर ओरडणे, असे मीही ऐकले होते. आणि एकोणिसाव्या शतकातला, ज्याला रोमँटिक म्हणतात तो ऑपेरा म्हणजे तर सगळेच भडक. १८२१ साली बर्लिनमध्ये वेबरने मध्यरात्रीच्या रानात जादूच्या गोळ्या ओतणारे लोक रंगभूमीवर आणले. १८३१ साली पॅरिसमध्ये मायरबेअरने मेलेल्या जोगिणींना थडग्यांतून उठवून नाचवले. १८३५ साली नेपल्समध्ये दोनिझेत्तीची लूचिया लग्नाच्याच रात्री नवऱ्याचा खून करून वेड्यासारखी गात बाहेर आली. भुते, शाप, वादळे, विषाचे पेले! प्रेक्षकांना हे सारे हवेच होते. पण भुताला पांढरी चादर गुंडाळून भय वाटत नाही. ते वाद्यांतून यावे लागते. म्हणून त्या काळात वाद्यवृंद वाढला, आणि गाणाऱ्याला निव्वळ साथ देणारी वाद्ये हळूहळू स्वतःच बोलू लागली. पुढे १८७६ साली बायरॉइटच्या नाट्यगृहात वाग्नरने तर सगळा वाद्यवृंदच रंगभूमीखाली दडवला. वाग्नरचे खेळ मात्र पाच-पाच तासांचे. त्यांच्याविषयी गुडघे बरे असलेल्या कोणीतरी लिहावे.

आता आपली पंचाईत अशी की आपला कान संगीत नाटकावर वाढलेला. तिथे पद सुरू झाले की नाटक आदबीने बाजूला उभे राहते. नायिका विरहाने व्याकूळ असली तरी तानेची जागा सोडत नाही, आणि ‘वन्समोअर’ आला तर पुन्हा पहिल्यापासून व्याकूळ होते. मी ही तक्रार करीत नाही; त्या सुखावर मी अनेक रात्री काढल्या आहेत. इटलीतही अगदी असेच होते. आधी संथ गाणे, मग द्रुत गाणे, मग टाळ्या, मग लवून नमस्कार. आणि नाटक वाट पाहत उभे. व्हर्दीने १८५१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ही घडी मोडायचे मनावर घेतले. खेळ एकदा गाजल्यावर एका गायिकेच्या नवऱ्याने बायकोसाठी त्यात एक जास्तीचे गाणे मागितले, तेव्हा व्हर्दीने त्याला कळवले, की हा खेळ मी सुट्या गाण्यांचा म्हणून बांधलेलाच नाही. ही दोघादोघांच्या संवादांची एक अखंड माळ आहे. आपल्या नाटक कंपन्यांच्या मालकांनी ते पत्र चौकटीत लावायला हवे होते.

कथा मुळात व्हिक्टर ह्यूगोची. राजाच्या चैनीवरचे त्याचे नाटक १८३२ साली पॅरिसमध्ये एकदाच झाले आणि दुसऱ्या दिवशी बंद पडले. पुन्हा उभे राहायला पन्नास वर्षे लागली. व्हर्दीने तीच कथा व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहासाठी घेतली. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल. सरकारने डिसेंबर १८५० मध्ये बंदी घातली. मग तडजोडीचा मसुदा आला: राजाचा सरदार करा, नायकाची कुबड काढा, शाप काढा, पोतेही काढा. कुबड आणि पोते काढायला व्हर्दी तयार होईना. बाहेरून कुरूप, हास्यास्पद, पण आतून प्रेमाने पेटलेला माणूस त्याला गाताना दाखवायचा होता. त्यासाठीच तर त्याने हा विषय निवडला होता. अखेर फ्रान्सच्या राजाचा मांतुआचा ड्यूक झाला, बाकी सर्व वाचले, आणि ११ मार्च १८५१ रोजी पडदा उघडला.

रिगोलेत्तो हा ड्यूकचा विदूषक. ड्यूक लोकांच्या लेकीसुनांना नासवतो आणि हा त्या लेकीसुनांच्या बापांची टवाळी करतो. मोंतेरोने नावाचा असाच एक नासवलेल्या मुलीचा म्हातारा बाप दरबारात येऊन दोघांना शाप देतो. ड्यूक विसरून जातो. विदूषकाच्या मात्र तो शाप काळजात रुततो, कारण त्याच्या घरी जिल्दा नावाची मुलगी आहे. तिला त्याने भिंतीआड कोंडून ठेवले आहे. बापाचे नावही तिला ठाऊक नाही. फक्त देवळात जाण्याची मुभा आहे; आणि ड्यूक तिला भेटतो तो नेमका देवळात, गरीब विद्यार्थी असल्याची बतावणी करून.

पडदा उघडण्याआधीच ट्रंपेट आणि ट्राँबोन ही पितळी वाद्ये एकच सूर ठेचत राहतात, जणू कोणी दारावर थापा मारतो आहे. तेव्हा त्याचा अर्थ लागत नाही. पण पुढे विदूषक रात्री एकटा घरी निघतो आणि म्हाताऱ्याने आपल्याला शापिले, असे स्वतःशी पुटपुटतो, ते त्याच एका सुरावर. मग उमगते, की वाद्यांना हे आधीपासून माहीत होते.

त्याच गल्लीत त्याला स्पाराफुचिले नावाचा भाडोत्री मारेकरी भेटतो. दोघे हलक्या आवाजात भाव ठरवतात: निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. या प्रवेशात खरी चाल गाणाऱ्यांकडे नाहीच. ती आहे एका चेलोकडे, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या थोराड व्हायोलिनकडे, आणि त्याहून थोराड अशा एका डबल बासकडे. वरती दोन माणसे बाजारातल्यासारखी बोलताहेत, आणि खालून ती काळी, मुलायम चाल सरपटत जाते आहे. मला त्या क्षणी खुर्चीत सरसावून बसावेसे वाटले. गाणाऱ्याने बोलावे आणि गाणे वाद्यांनी गावे, ही तऱ्हा मला अगदी नवी होती.

दुसऱ्या अंकात मुलीला दरबारी लोकांनी पळवून नेलेले आहे. बाप वाड्यात येतो तो ‘ला रा, ला रा’ असे गुणगुणत, जसे काही झालेच नाही. पण ते गुणगुणणे असे चालते, की त्यात डोळे प्रत्येक कोपरा धुंडाळताना आपल्याला दिसतात. मग तो फुटतो. व्हायोलिने उसळतात, तो दरबाऱ्यांवर तुटून पडतो. रिवाजाप्रमाणे गाणे संथ सुरू होऊन शेवटी चढायला हवे. इथे उलटे आहे. संतापाने सुरू होऊन ते उतरत जाते आणि अखेरीस चेलोच्या सोबतीने एक म्हातारा नुसता याचना करीत उरतो. माझ्या शेजारी माझी मुलगी बसली होती. मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

आता मामांच्या गाण्याकडे येतो. ते तिसऱ्या अंकात आहे. नदीकाठची एक मोडकी खाणावळ. आत ड्यूक, बाहेर अंधारात बाप आणि मुलगी. ड्यूक दारू मागवतो आणि तीच झोपाळ्यासारखी चाल सुरू करतो. मी हरखलो. समोरच्या पडद्यावर अर्थ उमटला: बायकांचे मन पिसासारखे, वाऱ्याबरोबर फिरणारे. म्हणतोय कोण, तर दर अंकाला नवी बाई धरणारा! मामांना हे कळले असते तर ते खो खो हसले असते. अशी आख्यायिका आहे, की हे गाणे अगदी शेवटपर्यंत व्हर्दीने गायकाच्या हाती पडू दिले नाही, कारण एकदा कानावर पडले की सारे व्हेनिस ते शीळ घालीत फिरेल. खरेखोटे देव जाणे. गिरगावाने मात्र ते फिरवलेच.

लगोलग येते ते चौघांचे गाणे. आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीला, माद्दालेनाला, लोणी लावतो आहे. ती खिदळून उडवून लावते आहे. बाहेर जिल्दाचे काळीज तुटते आहे. आणि बाप सूड घोकतो आहे. चौघेही एकाच वेळी गातात. आपल्या संगीताला एका वेळी एक सूर पुरतो, आणि त्यात आपण विश्व पाहतो. चार माणसे एकदम बोलली तर त्याला आपण गोंधळ म्हणतो, आणि बोलक्या नाटकात तो गोंधळच होतो. पण इथे ड्यूकची चाल लांबलचक आणि रेशमी, माद्दालेनाची टपटप पडणाऱ्या हसण्यासारखी, मुलीची हुंदक्याहुंदक्याने तुटलेली, बापाची जमिनीलगत. म्हणून चौघेही वेगवेगळे ऐकू येतात. सुरुवातीला मी एकेकाला पकडू पाहत होतो, आणि पकडलेला निसटत होता. मग पकडणे सोडून दिले आणि चौघे आपोआप आले. चार माणसांना एकाच वेळी बोलवण्याची ही सोय पाहून, आधी या ऑपेरावर खवळलेला ह्यूगोसुद्धा हरला, असे सांगतात.

मग वादळ. वीज आणि पाऊस वाद्यांत आहेतच. पण वाऱ्याचा जो घुमणारा आवाज येतो, तो पडद्याआड उभ्या राहिलेल्या पुरुषांच्या मेळ्याचा. ते तोंड मिटून नुसते हुंकार देतात. शब्द नाही, चेहरा नाही. त्या हुंकाराने अंगावर काटा आला तसा मला आजवर कुठल्याही भुताच्या सिनेमाने आणला नाही. माद्दालेना देखण्या ड्यूकसाठी भावाजवळ रदबदली करते. भाऊ म्हणतो, मध्यरात्रीपूर्वी दुसरा कोणी आला तर त्याला मारून पोत्यात घालतो. पुरुषाच्या वेषात परत आलेली जिल्दा दाराआडून हे ऐकते आणि दार ठोठावते.

वादळ ओसरल्यावर बाप येतो. उरलेले पैसे देतो, पोते ताब्यात घेतो. आपल्या पायाशी ड्यूक पडला आहे, या विचाराने तो खुजा माणूस उंच होतो. पोते नदीकडे ओढू लागतो. आणि लांबून, खाणावळीच्या मागच्या अंगाने, मामांचे गाणे येते.

तीच चाल. एका सुराचा फरक नाही. तोच झोपाळा, तोच आनंदी गळा. फक्त दूरवरून, झोपेतून उठून चाललेल्या माणसाचा, हळूहळू विरत जाणारा. वाद्यांनी एकही भयंकर सूर वाजवलेला नाही. ड्यूक जिवंत आहे, एवढेच ते गाणे सांगते. मग पोत्यात कोण?

सबंध नाट्यगृह श्वास रोखून होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे मामांची खोली होती, भोंगा होता, अंघोळ करून केस पुसणारी मामी होती.

पुढचे सांगायची गरज नाही. वीज चमकते, बाप पोते फाडतो, मुलीत अजून थोडी धुगधुगी असते.

बाहेर आलो तेव्हा थंडी होती. ट्रामच्या थांब्यापर्यंत कोणी बोलले नाही. मग मुलगी म्हणाली, “बाबा, निदान त्याने तिला आपलं नाव तरी सांगायला हवं होतं.”

मी म्हटले, “हो, सांगायला हवं होतं.” तिला परदेशी पाठवताना मी दोन महिने तिच्याशी धड बोललो नव्हतो, ते दोघांनाही आठवत होते.

मुंबईचे ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. कारुसोची ती तबकडी माझ्याकडे आहे. कडेला चिरली आहे, त्यामुळे गाणे मध्येच अडखळते, आणि मग पुन्हा त्याच आनंदाने सुरू होते.