नव्या विहिरीच्या पाण्याची निगा

विहिरीला पाणी लागले म्हणजे ते पिण्याजोगे झाले असे नाही. भामरागड तालुक्यात हेमलकसा आणि आसपासच्या गावांत मनरेगातून किंवा बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून शेतकऱ्याला मिळणारी विहीर कागदावर सिंचनाची असते. पण ती घराजवळ असली की त्याच पाण्यावर भात शिजतो आणि तेच पाणी गुंडात भरून ठेवले जाते. योजनेच्या अंदाजपत्रकात खोदकाम आणि बांधकाम असते. पाण्याची रोजची निगा मात्र घरच्यांनाच शिकून घ्यावी लागते.

निगेची सुरुवात विहिरीच्या काठापासून होते. विहीर शौचालय, गोठा आणि उकिरडा यांच्यापासून किमान 15 मीटर दूर आणि शक्यतो चढावर असावी. आतले बांधकाम वरून निदान 6 मीटरपर्यंत पाणी झिरपू न देणारे असावे, म्हणजे वरच्या थरातले घाण पाणी थेट आत उतरत नाही. तोंडीवर पाऊण मीटर उंचीचा कठडा, भोवती मीटरभर रुंदीचा उतरता ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली हवी. ओट्याला तडा गेला की धुण्याभांड्याचे पाणी त्या फटीतून पुन्हा विहिरीत शिरते, म्हणून तडा दिसताच बुजवावा. विहिरीत उतरायला पायऱ्या नसाव्यात. पायऱ्यांच्या विहिरींनी देशाला नारू दिला. रोग्याचे पाय पाण्यात बुडत, जखमेतून कृमीच्या अळ्या पाण्यात सुटत, आणि तेच पाणी बाकीचे पीत. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली नोंदला गेला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यासाठी पायऱ्या बंद कराव्या लागल्या आणि गावोगाव पाणी गाळून प्यायला शिकवावे लागले.

काठ नीट झाला तरी पाण्यात जंतू राहतातच. त्यांच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे 33 टक्के कामाचा क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा ऊन पडले की तो उडून जातो आणि उरतो तो बहुतेक चुनाच. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी. मागच्या पावसाळ्यातल्या पावडरीवर या पावसाळ्यात विसंबू नये.

किती पावडर लागेल हे पाणी मोजल्यावरच कळते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, पाण्याच्या खोलीने गुणावे, पुन्हा 3.14 ने गुणून 4 ने भागावे. येणारे उत्तर घनमीटरमध्ये असते आणि एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर खोल असेल तर विहिरीत सुमारे 28 हजार लिटर पाणी आहे. स्वच्छ पाण्याला दर हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर धरतात, म्हणजे या विहिरीला सुमारे 70 ग्रॅम लागेल. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की मात्रा कमी होते आणि श्रावणात वाढते. म्हणून दोरीला गाठी मारून खोली पुन्हा पुन्हा मोजावी.

पावडर विहिरीत तशीच भिरकावणे ही सर्रास होणारी चूक आहे. आधी बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे निवू द्यावे. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरीने पाण्याखाली सोडावी आणि वरखाली, आजूबाजूला हलवावी. तळचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. हे काम रात्री, पाणी भरणे थांबल्यावर करावे. क्लोरीनला जंतू मारायला किमान एक तास लागतो.

खरी मेख पुढे आहे. क्लोरीन फक्त जंतूंवर खर्च होत नाही. कुजलेला पाला, गाळ, लोह, जनावरांच्या मुतातला अमोनिया, हे सगळे आपापला वाटा घेतात. जंगलातल्या विहिरीत पाला पडतोच, त्यामुळे तिथे हा खर्च जास्त. म्हणून पाण्यात किती टाकले याला फारसा अर्थ नाही. तासाभराने किती उरले, यावर पाणी सुरक्षित ठरते. उरलेला मोकळा क्लोरीन लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम असावा. शहरातल्या पोहण्याच्या तलावातही हाच हिशेब असतो, फक्त तिथे 1 ते 3 मिलिग्रॅम ठेवतात. तलावावर येणारा उग्र वास क्लोरीन जास्त झाल्याचा समजला जातो. तो बहुधा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो, म्हणजे मोकळा क्लोरीन अपुरा पडल्याचा. तलावात तेच पाणी गाळून पुन्हा फिरवतात. विहिरीत झऱ्यांतून सतत नवे पाणी येते, म्हणून कालची मात्रा आज पुरत नाही.

उरलेला क्लोरीन ओटी चाचणीने कळतो. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की ते पिवळे होते, आणि तो पिवळेपणा रंगपट्टीशी ताडून पाहतात. रंग दहा सेकंदांच्या आत वाचावा. उशीर झाला की संयुक्त झालेला क्लोरीनही रंग दाखवतो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटते. हे रसायन विषारी आहे, तपासलेले पाणी फेकून द्यावे. गावच्या जलसुरक्षकाकडे या रसायनाची बाटली असणे अपेक्षित आहे. नव्या विहिरीच्या मालकाने ती चाचणी आपल्या पाण्यावर करून मागावी, तो त्याचा हक्क आहे.

चाचणीत रंगच येत नसेल तर तीन कारणे तपासावीत. पावडर शिळी असू शकते. पाणी गढूळ असू शकते, कारण मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात आणि क्लोरीन वाया जातो. अशा वेळी पिण्यापुरते पाणी आधी निवळून घ्यावे. तुरटी त्यासाठी आहेच, शिवाय विदर्भाच्या जंगलात मिळणाऱ्या निवळीचे बी भांड्याच्या आतून घासण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. दोन्हींनी गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. त्यामुळे वरचे पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन टाकावा. तिसरे कारण लोहाचे. गुंडाच्या तळाशी तांबूस साका दिसत असेल तर पावडर जास्त लागणारच.

नव्या विहिरीत सामूकडेही (पीएच) लक्ष द्यावे लागते. ताज्या सिमेंटमुळे पाणी अल्कधर्मी होते. सामू साडेसातच्या आसपास असताना क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या जोरकस रूपात असतो, साडेआठच्या पुढे तो दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे रंग पिवळा दिसतो आणि काम मात्र होत नाही. म्हणून बांधकाम संपल्यावर विहीर दोन-तीनदा उपसून पाणी बदलावे. फ्लोराइड आणि नायट्रेट यांना क्लोरीन हातही लावत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात फ्लोराइडची गावे आहेत. नव्या विहिरीचे पाणी एकदा तरी प्रयोगशाळेत तपासून घेण्याला पर्याय नाही.

रोज पावडर घालणे जमत नसेल तर नागपूरच्याच नीरी संस्थेने काढलेली दुहेरी मडक्याची युक्ती आहे. लहान मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून, कडेजवळच्या भोकाच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरतात. ते मोठ्या मडक्यात ठेवतात. मोठ्याच्या बुडापासून चार सेंटिमीटरवर दुसरे भोक असते. तोंडाला प्लॅस्टिक बांधून हे मडके पाण्याखाली निदान मीटरभर सोडतात. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीला, रोजचा उपसा चारशे लिटरच्या आसपास असेल तर, ते दोन ते तीन आठवडे पुरते. मोठ्या विहिरीला एक मडके पुरत नाही.

1973 साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला त्या काळापासून या भागात दवाखाना आणि पावसाळा यांची सांगड आहे. पामुलगौतम, इंद्रावती आणि पर्लकोटा भामरागडला मिळतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की रस्ता तुटतो आणि जुलाबाच्या रोग्याला दवाखाना लांब पडतो. पावडर, ओटीची बाटली आणि तुरटी मृगाआधीच घरात असावी. पुराचे पाणी विहिरीत शिरलेच तर आधी विहीर उपसून गाळ काढावा. मग दर हजार लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास पावडरीचे निवळ पाणी घालावे, ते रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी वास जाईपर्यंत पुन्हा उपसावे. नव्याने भरलेल्या पाण्यात नेहमीची मात्रा टाकून तासाभराने चाचणी घ्यावी. पिवळा रंग दिसेपर्यंत घरात उकळलेलेच पाणी प्यावे.