आधी डोंगर, मग गाडी

लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय? मग तुमचं अर्धं ट्रेनिंग झालंय. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. गार्डन रेल्वेचा डोंगर याच खानदानातला. फरक दोनच. किल्ल्यातून गाडी जात नव्हती, आणि किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला की पुरे व्हायचं. या डोंगराला मात्र जून ते सप्टेंबर असा आख्खा पावसाळा काढायचा असतो.

गार्डन रेल्वे म्हणजे टेबलावरची नव्हे, तर बागेत, मातीवर, उन्हापावसात पळणारी मॉडेल गाडी. युरोप-अमेरिकेत हा शौक चांगलाच मुरलेला आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेमन कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ या नावाने मोठ्या आकाराच्या गाड्या आणल्या. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, स्केल १:२२.५. गुणाकार करून बघा, थेट आपली जुनी मीटर गेज हाती येते. इंपोर्टेड इंजिनाची किंमत ऐकली तर घाम फुटतो हे खरं. पण डोंगर? दगड, मुरूम, सिमेंट आणि तुमचे वीकएन्ड. बस्स.

तर मंडळी, गडबड इथेच होते. बहुतेक जण आधी रुळांचा छानसा अंडाकृती ट्रॅक टाकतात, गाडी फिरवून बघतात, खूष होतात आणि मग एका कोपऱ्यात मातीचा ढीग घालून त्यात पाइप खुपसतात. झाला बोगदा! तो डोंगर वाटतच नाही. रुळांना कुणीतरी टोपी घातल्यासारखं दिसतं. कारण साधं आहे. खऱ्या जगात डोंगर आधी असतो आणि रेल्वे नंतर येते. गाडी वळते ती डोंगर आडवा आला म्हणून. बोरघाटाचंच बघा. १८६३ मध्ये ही लाइन सुरू झाली. ती बांधताना हजारो मजुरांनी जीव गमावला, आणि एवढं करूनही खंडाळ्याजवळ डोंगराने इंजिनिअरांना सरळ जाऊ दिलंच नाही. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं. गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढची चढण सुरू. (नवे बोगदे निघाल्यावर ही कसरत संपली.)

बागेत डोंगर नंतर येतो, पण तो आधीपासून होता असं वाटायला हवं. सगळी कारागिरी यातच आहे. म्हणून प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला काहीतरी अडथळा हवा. एखादा कडा, एखादी टेकडीची सोंड, अगदीच नाही तर एक मोठा धोंडा. मग बघणाऱ्याचं मन आपसूक म्हणतं, ‘हां, म्हणून गाडी वळली.’

आता उंचीचं गणित. समजा, तुम्हाला माथेरानची गाडी करायचीय. खरा ट्रॅक दोन फुटी, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या रुळावर स्केल साधारण १:१९. नेरळ ते माथेरान चढ साडेसातशे मीटरच्या आसपास. १९ ने भागलं की डोंगर होतो जवळजवळ ४० मीटर, म्हणजे तेरा मजली टॉवर! आणि रूळ एक किलोमीटरच्या वर. तेव्हा स्केलचा डोंगर विसरा. कमरेएवढा ढीगसुद्धा घाट वाटू शकतो, फक्त थोडी चलाखी हवी. पायथ्याला मोठे दगड, वर जाताना लहान. पुढे जरा मोठ्या पानांची झाडं, मागे बारीक पानांची. डोळा फसतो. चढ मात्र फसवता येत नाही. माथेरानची खरी गाडी वीसात एक असा चढ चढते, पण बागेतल्या गाडीला पन्नासात एक मानवतो. म्हणजे एका रुळावरून दुसरा न्यायला वीस सेंटिमीटर चढायचं असेल, तर दहा मीटर ट्रॅक लागणार. हे कागदावर आधीच मांडा, प्लीज.

आणि ते परदेशी कॅटलॉगमधले बर्फाच्या टोप्या घातलेले टोकदार आल्प्स आपल्याकडे नकोतच. आपला सह्याद्री वेगळा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, म्हणून कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथा सपाट. भूगोलात शिकलेला ‘डेक्कन ट्रॅप’ आठवतोय? त्यातला ‘ट्रॅप’ पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. तेव्हा काळा दगड आणा (इमारतीचा पाया खणतात तिथे विचारून बघा) आणि प्रत्येक दगडाचा थर आडवा राहील असा बसवा. सगळे दगड एकाच पातळीत, एकाच कलाने. एक जरी उभा लागला तरी ‘ट्रकमधून ओतलाय’ हे लगेच कळतं. दोन थरांच्या मध्ये मुरूम, माथ्यावर थोडी लाल माती. माथेरानला गेला असाल तर बुटांवरून न निघणारी ती माती लक्षात असेलच.

दगड मिळत नसेल तर चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये सिमेंटचा गिलावा दाबून ओबडधोबड कडे ओतता येतात. काळा ऑक्साइड मिसळा, पण सगळीकडे एकच रंग नको. प्लास्टर ऑफ पॅरिसचं नाव काढू नका. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम जरूर बघा, मजा येते. पण ते छपराखाली आहे. छपराखालचे नियम बागेत लावले की पहिल्याच वळवात लापशी!

खरा व्हिलन पाणीच. चिकणमातीचा ढीग पाणी पितो, फुगतो, खचतो आणि रूळ वाकडे करून ठेवतो. आत दगडगोटे आणि मुरूम भरा, थर धुम्मस करत चला, पायथ्याशी पाणी निघायला पाइपचे तुकडे ठेवा. वरून ओहोळासाठी एक घळ मुद्दाम करा. नाही केलीत तर पाऊस स्वतः करेल, आणि नेमकी रुळाखालून. माझा सल्ला विचाराल तर ढीग मे महिन्यात घाला आणि पावसाळाभर त्याला हात लावू नका. कुठे खचतो, पाणी कुठून वाहतं, सगळं समजतं. रूळ दिवाळीनंतर. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, पण बसलेल्या ढिगावर टाकलेला ट्रॅक नंतर छळत नाही.

बोगदा एकच करा. माथेरानच्या आख्ख्या लाइनवर एकच आहे, ‘वन किस टनेल’. नाव ऐकूनच त्याची लांबी कळते! बागेतला बोगदाही तेवढाच आखूड हवा, दोन्ही तोंडांतून हात घातला की मधला डबा सापडला पाहिजे. त्याहून लांब असेल तर वर उचलता येणारा दगड ठेवा. गाडी घसरते ती नेहमी आतच, हा निसर्गनियम आहे. बोगद्यात वळण असेल तर सगळ्यात लांब डबा हाताने फिरवून बघा. वळणावर डब्याचं पोट आत सरकतं, टोकं बाहेर जातात. आणि सकाळी पहिली गाडी सोडण्याआधी टॉर्च मारा. मुंग्या, उंदीर, कधी त्याहून लांबलचक पाहुणेही मुक्कामाला असतात.

फ्लॅटवाल्यांचं काय? टेरेस असेल तर माती विसरा. एक घनमीटर ओली माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन. त्याऐवजी सळ्यांचा सांगाडा, त्यावर चिकन मेश आणि वरून इंचभर सिमेंटचा थर. आठवडाभर ओली पोती टाकून पाणी मारा. हा पोकळ डोंगर चौरस मीटरला साठेक किलोत बसतो. तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारा. खालच्या मजल्यावर गळायला लागलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमची रेल्वे हाच एक विषय असेल.

झाडांसाठी क्युफिया, जेड, बुटकी कुंती. सगळी छाटणी सोसणारी. शेवाळाची चिंता नको, जुलैत ते स्वतः येतं. त्याच्यासोबत येतो पिंपळ. एखाद्या फटीत दोन पानांचं गोंडस रोप दिसतं आणि वाटतं, किती छान स्केलमध्ये आहे! त्याच दिवशी मुळासकट उपटा. पुढच्या वर्षीपर्यंत त्याची मुळं सिमेंटच्या आत शिरलेली असतात, आणि मग डोंगर फोडल्याशिवाय तो निघत नाही.