काटा अडकला म्हणून चालणं सोडू नका: उज्जैनच्या खासदारांच्या 32 किलोंचा हिशोब



1 जूनला नौका किनाऱ्याला लागल्या की 31 जुलैपर्यंत 61 दिवस मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करायची, इंजिनाचं काम काढायचं, बाकी वेळ ओट्यावर. अंगाला आराम मिळतो, पण ताटातला भात काही कमी होत नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा नौकेवर चढताना धाप लागते, तेव्हा कळतं. मग कोणी ना कोणी ठरवतो, "आता रोज चालायचंच." दोन-तीन महिने वजन उतरतं, मग काटा एका जागी अडकतो. "चालून काय होत नाय" म्हणत गडी चालणं सोडतो, आणि उतरलेलं वजन परत येतं.

काटा का अडकतो, ते एका खऱ्या उदाहरणावरून बघू.

फेब्रुवारी 2022 मध्ये आपले नितीन गडकरी मध्य प्रदेशात उज्जैनला गेले होते. तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना त्यांनी भर सभेत सांगितलं, वजन कमी करा, प्रत्येक किलोमागे मतदारसंघाला विकासासाठी 1,000 कोटी देतो. आपलं स्वतःचं वजन एकेकाळी 135 किलो होतं, ते 93 वर आणलं, हेही गडकरींनी सांगितलं. फिरोजिया तेव्हा 127 किलोंचे. त्यांनी मनावर घेतलं. पहाटे उठून चालणं, व्यायाम, योग, जेवणात कोशिंबीर, भाजी आणि मोजकी पोळी. जूनपर्यंत 15 किलो उतरले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी 32 किलो कमी झाल्याचं सांगितलं. 2,300 कोटींची कामं मंजूर झाल्याचंही सांगितलं.

आता यातला कॅलरीचा हिशोब करू. माणूस नुसता बसला तरी किलोमागे तासाला साधारण 1 कॅलरी खर्च होते. ताशी 5 किलोमीटरच्या चालीने चाललं तर साधारण साडेतीन. म्हणजे बसण्यापेक्षा जादा खर्च किलोमागे तासाला अडीच कॅलरी.

127 किलोंचा माणूस तासभर चालला तर जादा खर्च 318 कॅलरी. तोच माणूस 95 किलोंचा झाल्यावर तेवढाच वेळ, त्याच चालीने चालला तर 238. वाट तीच, घाम तोच, पण खर्च 80 कॅलरींनी कमी. म्हणजे रोजची एक लहान चपाती.

आपल्याला यात नवल वाटायला नको. भरलेल्या नौकेला डिझेल जास्त लागतं आणि रिकामी नौका कमी डिझेलवर येते. शरीराचंही तसंच. वजन उतरलं की चालायला कमी इंधन पुरतं, आणि दिवसभर बसल्या-झोपल्या होणारा खर्चही घटतो. ताट मात्र पहिल्यासारखंच राहिलं तर एक दिवस जमा आणि खर्च सारखे होतात. काटा अडकतो तो तिथे. व्यायाम वाया गेलेला नसतो, हिशोब जुना झालेला असतो.

दुसरी गोष्ट. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. 32 किलोंचे झाले जवळपास अडीच लाख. साधारण आठ महिन्यांत, म्हणजे रोज हजाराच्या वर तूट. तासभर चालून सुरुवातीला मिळतात 318, पुढे त्याहून कमी. म्हणजे नुसत्या चालण्याने फार तर तिसरा हिस्सा. बाकीचं इतर व्यायामातून आणि मुख्यतः ताटातून आलं असणार.

आता आपल्या कामाकडे या. चालताना किंवा जेटीची पायरी चढताना आपण स्वतःचं अंग वाहतो, म्हणून 90 किलोंच्या तांडेलाचा खर्च 60 किलोंच्या खलाशापेक्षा दीडपट होतो. पोहताना अंग पाणी उचलतं, त्यामुळे वजनाचा फरक तेवढा पडत नाही. जाळं ओढताना मेहनत जाळ्याच्या वजनावर ठरते. तीही जिथे विंच आला तिथे कमी झाली. बापजाद्यांनी हाताने जाळं ओढून जेवढा भात खाल्ला, तेवढा आपण बटण दाबून खाल्ला तर तो पोटावरच दिसणार.

मग करायचं काय?

एक, वजन जास्त असेल तर धावू नका, गुडघे जातात. ओहोटीला घट्ट वाळूवर झपझप चाला. भारी माणसाला चालण्याचाच फायदा जास्त मिळतो.

दोन, दर 5 किलो उतरले की हिशोब बदला. चालण्यात दहा-पंधरा मिनिटं वाढवा, नाहीतर भाताचा एक डाव कमी करा. मासे सोडायची गरज नाही. तळलेल्या तुकडीऐवजी कालवण खा. दारूच्याही कॅलरी असतात, त्या कोणी मोजत नाही.

तीन, मोबाईलवर किंवा घड्याळात कॅलरी बघत असाल तर त्यात आजचं वजन टाका. जुनं वजन ठेवलंत तर आकडा फुगलेला दिसेल आणि त्या भरवशावर जेवण वाढेल.

चार, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्याला किलोमागे 1,000 कोटी कोणी देणार नाही. पण नौका हलली आणि पाय सटकला, तर तोल सावरायचा असतो आपला आपल्यालाच. ऑगस्टला नौकेवर चढताना धाप लागली नाही, तेवढी कमाई पुरे. म्हणून काटा अडकला तरी चालणं सोडू नका. फक्त हिशोब नवा करा.